फॅशन ब्लॉगर ते उद्योजक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कपड्यांबद्दल लिहिते आणि त्या लिखाणातूनच उभं राहिलेलं एक छोटं लेबल, म्हणजे कपड्यांचा ब्रँड, चालवते. आठवड्याला निदान दोन-चार जणी मेल करून या वाटेबद्दल विचारतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न फॉलोअर कसे वाढवायचे हा असतो. माझं उत्तर तिथून जरा बाजूला जातं, कारण माझ्या अनुभवात या धंद्याचं भांडवल एकच आहे. एखादा कपडा घ्यावा की नाही, हे ठरवताना अनोळखी माणूस तुमच्या मतावर विश्वास ठेवतो, तो विश्वास. खालची सगळी उत्तरं मी याच बाजूने दिली आहेत.

आता सुरुवात करायला फार उशीर झालाय का?

पहिली लाट तर केव्हाच येऊन गेली. स्कॉट शूमन यांचं ‘द सार्टोरियलिस्ट’ २००५ चं, सूझी लाउ यांचं ‘स्टाइल बबल’ २००६ चं. टॅवी गेव्हिन्सनने २००८ मध्ये ‘स्टाइल रूकी’ सुरू केलं तेव्हा ती जेमतेम ११ वर्षांची होती. सप्टेंबर २००९ मध्ये डोल्चे अँड गबानाने मिलानच्या शोमध्ये ब्लॉगरना थेट पहिल्या रांगेत बसवलं आणि फॅशनच्या जगात त्याची खूप चर्चा झाली. आज मी काय घातलंय, एवढं दाखवणंसुद्धा तेव्हा नवं होतं. आता त्यात कुणाला नवल वाटत नाही.

पण त्या पहिल्या फळीकडे नीट पाहिलं तर प्रत्येकाची नजर वेगळी होती. शूमन फॅशनच्या विक्री-विपणनातून आले होते, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा कोट खांद्यावर कसा बसलाय हे त्यांना आधी दिसायचं. लाउ यांना कुणाला फारसे माहीत नसलेले नवे डिझायनर शोधायची ओढ होती. तुमच्याकडे अशी नजर असेल तर तिला जागा आजही आहे. ती अजून तयार झाली नसेल तर आधी सहा महिने कुणाला न दाखवता लिहा. मी तसंच केलं होतं.

ब्लॉगच कशाला? नुसतं इन्स्टाग्राम पुरणार नाही?

दोन्ही करा, पण घर स्वतःचं असू द्या. इन्स्टाग्राम, यूट्यूब, पिंटरेस्ट या भाड्याच्या जागा आहेत. तिथे गर्दी असते म्हणून तिथे जायचं, पण मालक कधीही नियम बदलू शकतो हे लक्षात ठेवून.

फॅशनवाल्यांनी पॉलिव्होरची गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं. २००७ मध्ये सुरू झालेल्या त्या साइटवर लोक कपडे, चपला, दागिने एकत्र मांडून कोलाज करत. कित्येकींनी तिथे वर्षानुवर्षं काम करून आपला वाचकवर्ग जमवला होता. २०१५ मध्ये याहूने ती विकत घेतली. एप्रिल २०१८ मध्ये ती एसेन्स या कंपनीकडे गेली आणि विक्रीची बातमी आली त्याच वेळी साइट बंद झाली. आपली कामं उतरवून घ्यायला काही आठवड्यांची मुदत मिळाली, पण जमवलेली माणसं उतरवून घ्यायची सोय नव्हती. छोट्या व्हिडिओंचं व्हाइनही जानेवारी २०१७ मध्ये असंच बंद झालं.

म्हणून पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी कराव्यात. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या आणि वाचकांचे ईमेल, अर्थातच त्यांच्या परवानगीने, जमवायला लागा. माझ्या लेबलची पहिली खेप जवळजवळ संपूर्ण ईमेल यादीतून गेली. त्या यादीत असलेली माणसं माझ्या इन्स्टाग्रामवरच्या आकड्याच्या मानाने अगदीच मूठभर होती.

विषय कसा निवडू? ‘फॅशन’ पुरेसं नाही का?

‘फॅशन’ फार मोठं शेत आहे. त्यातला एक वाफा धरा. उंची कमी असलेल्यांचे कपडे, ऑफिसात रोज घालता येईल असं लिनन, जुने कपडे दुरुस्त करून वापरणं, चष्मा आणि कपड्यांचा मेळ, बाळंतपणानंतरचे बदललेले आकार, व्हीलचेअरवर बसून सोयीचे पडणारे कपडे. विषय निवडताना मी एकच कसोटी लावते. त्या विषयावरचे वीस प्रश्न कागदावर झरझर लिहिता येतात का? बाराव्या प्रश्नाला पेन थांबलं तर विषय उसना घेतलेला आहे असं समजा.

आणखी एक गोष्ट बघा. त्या विषयातला माणूस खरेदी करण्यापूर्वी खरंच अडतो का? पायाला रुंद पंजा असलेल्या माणसाला चपला घेताना दर वेळी त्रास होतो. त्याला तुमचा लेख सापडला तर तो शेवटपर्यंत वाचेल आणि पुढच्या वेळी परत येईल.

माझ्याकडे फॅशन डिझाइनची पदवी नाही. चालेल?

पदवी कुणी विचारत नाही. कापड कळत नसेल तर मात्र ते चौथ्या-पाचव्या लेखात उघडं पडतं. ‘सुंदर’, ‘क्लासी’, ‘एलिगंट’ हे तीन शब्द संपले की पुढे काय लिहायचं?

माझा सल्ला नेहमी एकच असतो. एक जुना शर्ट घ्या आणि तो टाका-टाका करून उसवा. कॉलरच्या आत बकरम, म्हणजे ती ताठ ठेवणारं अस्तर, कुठवर आहे, बाहीची गोलाई जिथे खांद्याला जुळते तिथे कापड किती दाबून बसवलंय, काजांच्या पट्टीची दुमड कशी केलीय, शिवणीत किती कापड सोडलंय हे सगळं हाताने बघा. मग दुसऱ्या दर्जाचा शर्ट उसवा. दोन शर्टांतला फरक तुम्ही पानभर लिहू शकाल आणि तसं लिखाण इंटरनेटवर आजही फार थोडं आहे.

त्यानंतर धाग्यांकडे या. व्हिस्कोस ओलं झालं की कमकुवत होतं, म्हणून ते पिळू नये. सूत आणि लिनन उलट ओलं असताना अधिक मजबूत असतं. सिंगल जर्सीच्या टी-शर्टची बाजूची शिवण काही धुण्यांनंतर पोटाकडे वळते, कारण त्या विणीतच पीळ असतो. कापड उभ्या-आडव्या धाग्याला तिरकं, म्हणजे उरेप कापलं की ते अंगावर पाण्यासारखं पडतं, पण टांगून ठेवल्यावर खाली लोंबत जातं. विणलेल्या कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. १४० जीएसएमचा पांढरा टी-शर्ट उजेडाकडे धरला तर आतून बोटं दिसतात, २२० चा अंगापासून जरा सुटा उभा राहतो. डेनिमचं वजन औंसात सांगतात आणि रोजच्या जीन्सला १२ ते १४ औंस हे नेहमीचं वजन.

हे वाचून पाठ होत नाही, स्पर्शाने होतं. जिथे जाल तिथे आधी कापडाला हात लावा, मगच लेबल वाचून ताडून पाहा. वर्षभर असं केलं की डोळे मिटून पॉलिएस्टर ओळखता येतं. शिवणयंत्र चालवायलाही जरूर शिका. स्वतःचे कपडे शिवायचे नसले तरी चालेल. पुढे शिंप्याशी किंवा कारखान्याशी बोलताना तुमच्या तोंडी त्याच्या कामाचे शब्द असतील, आणि त्या एका गोष्टीने बोलण्याचा सूर बदलतो.

कॅमेरा महागडा लागतो का?

नाही. खिडकीतून येणारा उजेड लागतो. खोलीतला दिवा बंद करा, कारण दिवसाचा उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड मिसळला की कापडाचा रंग खोटा दिसतो, आणि रंग खोटा दिसला की वाचक तुमच्या भरवशावर चुकीची वस्तू घेतो. फोनने जवळून काढलेल्या फोटोत अंगाचे आकार ताणलेले दिसतात, तेव्हा फोन लांब ठेवा आणि थोडं झूम करा. प्रत्येक कपड्याचे तीन फोटो मी न चुकता काढते. एक पूर्ण उभा, एक चालताना किंवा बसताना, आणि एक कपडा उलटा करून आतल्या शिवणीचा. तिसऱ्या फोटोबद्दल मला सर्वांत जास्त मेल येतात.

आठवड्यातून किती वेळा लिहावं?

जितक्या वेळा खरंच सांगण्यासारखं असेल तितक्या वेळा. मी आठवड्याला एक लेख लिहिते.

वाचक येतात कुठून?

सोशल मीडियावरची पोस्ट दोन दिवसांत विरून जाते. शोधातून सापडणारा लेख मात्र वर्षानुवर्षं वाचला जातो. म्हणून लोक शोधताना जे शब्द टाइप करतात त्याच शब्दांत शीर्षक द्या. ‘माझ्या उन्हाळी आठवणी’ असं कुणी शोधत नाही. ‘लिननचा शर्ट न चुरगळता दिवसभर कसा घालायचा’ असं शोधतात. फोटोंच्या फायलींनाही अर्थपूर्ण नावं द्या, कारण फॅशनमध्ये पुष्कळ शोध चित्रांतून होतो. पिंटरेस्टवर एक चांगलं चित्र वर्ष-दोन वर्षांनीही वाचक पाठवत राहतं.

शिवाय दर सहा महिन्यांनी जुने लेख उघडा. ज्या वस्तू आता मिळत नाहीत त्यांच्या लिंक काढा आणि एखादा कपडा वर्षभर वापरल्यावर कसा राहिला ते लिहून जोडा. माझ्या साइटवर सर्वांत जास्त वाचले जाणारे लेख हे असे ‘वर्षभरानंतर’ लिहिलेले आहेत. कपडा नवा असताना सगळेच लिहितात. पन्नास धुण्यांनंतर लिहायला फारसं कुणी उरत नाही.

पैसे नेमके कुठून मिळतात?

सुरुवातीला बहुतेकांना लिंकमधून मिळतात. तुमच्या लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकान तुम्हाला कमिशन देतं. ही पद्धत जुनी आहे. ॲमेझॉनचा असा कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि त्यात वाचकाने क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत घेतलेल्या वस्तूंचंच कमिशन धरलं जातं. इतर दुकानांची मुदत वेगवेगळी असते, ती आधी वाचून घ्या. कपड्यांच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. वाचकाने कपडा परत पाठवला की कमिशनही परत जातं. त्यामुळे महिनाअखेरीला पडद्यावर दिसणारा आकडा आपला समजून खर्चाला लागू नका.

याच क्षेत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. अँबर व्हेन्झ बॉक्स ही तरुणी लोकांना खरेदीचा सल्ला देऊन त्यावर कमिशन मिळवत असे. तिने ब्लॉग सुरू केल्यावर तोच सल्ला लोकांना फुकट मिळायला लागला आणि तिची कमाई आटली. या अडचणीतून २०११ मध्ये ‘रिवॉर्डस्टाइल’ उभं राहिलं. ब्लॉगरना आपल्या शिफारशीचा मोबदला मिळवून देणारी ही कंपनी आज ‘एलटीके’ नावाने ओळखली जाते. स्वतःला रोज टोचणारी अडचण हीच कधी कधी धंद्याची कल्पना असते, तेव्हा आपल्या तक्रारींची एक वही ठेवा.

दुसरा मार्ग ब्रँडसाठी केलेल्या लेखांचा आणि व्हिडिओंचा. तिसरा साइटवरच्या जाहिरातींचा. पण त्यातून दखल घेण्याजोगे पैसे मिळायला वाचकसंख्या खूप मोठी लागते, आणि माझ्या मते छोट्या ब्लॉगवर जाहिरातींनी वाचणाऱ्याचा त्रास तेवढा वाढतो. चौथा मार्ग तुमच्या कौशल्याचा. कुणाचं कपाट लावून देणं, छोट्या ब्रँडसाठी फोटो काढणं किंवा मजकूर लिहिणं, वर्ग घेणं. लोक याकडे दुर्लक्ष करतात, पण वाचक कमी असताना सर्वांत लवकर आणि सर्वांत खात्रीने पैसे इथूनच येतात. माझं पहिलं वर्ष छोट्या लेबलांच्या वस्तूंची वर्णनं लिहून निभावलं. आणि पाचवा मार्ग स्वतःच्या वस्तूचा. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

ब्रँडचा पहिला मेल आला आहे. काय उत्तर देऊ?

लगेच ‘हो’ म्हणू नका. आधी स्वतःला विचारा, ही वस्तू मी माझ्या पैशाने घेतली असती का? उत्तर नाही असेल तर तिथेच नम्रपणे नकार द्या.

हो असेल तर दर ठरवताना फॉलोअरचा आकडा बाजूला ठेवा आणि तास मोजा. कल्पना सुचणं, फोटो, लेखन, दुरुस्त्या, मेलांची देवाणघेवाण, सगळं धरा. एका पोस्टला दोन तास लागतात असं वाटतं, प्रत्यक्षात दहा-बारा लागतात. मग पुढच्या गोष्टी लेखी घ्या. किती वेळा बदल करून द्यायचे? तुमचे फोटो ते किती काळ आणि कुठे वापरणार? हा वापराचा हक्क वेगळा आकारायचा असतो. तुमच्या खात्यावरची पोस्ट ही एक गोष्ट, आणि तोच फोटो त्यांच्या सशुल्क जाहिरातीत वर्षभर फिरणं ही दुसरी. स्पर्धक ब्रँडबरोबर काम करायचं नाही अशी अट असेल तर ती किती महिन्यांची, आणि त्या काळात बुडणाऱ्या कामाचा मोबदला काय? पैसे किती दिवसांत मिळणार? काम मध्येच रद्द झालं तर काय?

यातलं काही विचारलं म्हणून चांगला ब्रँड कधी नाराज होत नाही. मी एकदा संकोचाने काहीच विचारलं नाही आणि माझा फोटो मला विचारल्याशिवाय तिसऱ्याच ठिकाणी छापून आला. करारात ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द होते आणि मी ते न वाचता सही केली होती.

फुकट आलेले कपडे घेतले तर वाचकांना सांगावं लागतं का?

हो. दर वेळी, पहिल्याच ओळीत आणि साध्या भाषेत. बहुतेक देशांत याबद्दल आता नियम आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत ब्लॉगरचा स्पष्ट समावेश केला आणि २०२३ मध्ये त्या पुन्हा सुधारल्या. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सूचना जाहीर केल्या. तपशील वेगळे असले तरी गाभा सगळीकडे तोच आहे. पैसे, भेटवस्तू, सवलत, फुकट प्रवास, नातेसंबंध, काहीही असलं तर ते वाचणाऱ्याला चटकन दिसेल असं सांगा. वीस हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी टाकलेला एक शब्द पुरत नाही. लिंकच्या बाबतीत गुगलनेही २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण आणली आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला साइटच्या कोडमध्ये ती लावावी.

नियम नसते तरी मी हे सांगितलंच असतं. वाचक माझं ऐकून स्वतःच्या कष्टाचे पैसे खर्च करतो. मला ती वस्तू फुकट मिळाली होती हे त्याला कळणं हा त्याचा हक्क आहे.

आवडलं नाही तर तसं लिहायचं का?

लिहायचं. काय आवडलं नाही ते मोजून-मापून लिहायचं. ‘बकवास’ असं न लिहिता ‘तीन धुण्यांत लांबी दोन सेंटीमीटरने आटली’ असं लिहा. अशा वाक्यावर ब्रँडलाही वाद घालता येत नाही, आणि समंजस ब्रँड तर त्याबद्दल आभार मानतो.

स्वतःचा ब्रँड कधी काढावा?

वाचक तुमच्याकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायला लागले की. माझ्या बाबतीत ती गोष्ट खिशांची होती. प्रत्येक लेखाखाली कुणीतरी विचारायचं, की फोन पूर्ण मावेल असा खिसा असलेला कुर्ता कुठे मिळेल? दोन वर्षं मी शोधून उत्तरं दिली. मग लक्षात आलं की उत्तरच नाहीये.

ब्लॉगमधून ब्रँड कसा उभा राहतो याची दोन उदाहरणं अभ्यासण्यासारखी आहेत. एमिली वाइस यांनी २०१० मध्ये ‘इन्टू द ग्लॉस’ हा सौंदर्यप्रसाधनांवरचा ब्लॉग सुरू केला. चार वर्षं बायकांना त्यांच्या न्हाणीघरातल्या फडताळावर काय काय असतं ते विचारलं, आणि २०१४ मध्ये फक्त चार उत्पादनं घेऊन ‘ग्लॉसिए’ बाजारात आणलं. पुढे वाचकांना थेट विचारलं की मनासारखा फेसवॉश कसा असावा, आणि त्या उत्तरांतून एक उत्पादन घडलं. किआरा फेराग्नी यांचं ‘द ब्लाँड सॅलड’ २००९ चं. त्यातून पुढे त्यांच्या नावाच्या चपला-बुटांचा ब्रँड झाला, आणि २०१५ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्या ब्लॉगवर केस स्टडी केली.

पण ही उदाहरणं डोळे मिटून गिरवू नका. क्रीमला माप नसतं. कपड्याला असतं, आणि सगळी गंमत, सगळी डोकेदुखी तिथेच आहे.

एक कपडा तयार करायला काय काय करावं लागतं?

कल्पनेपासून सुरुवात करू. आधी टेक पॅक बनवा. कपड्याचं पुढून-मागून चित्र, प्रत्येक माप, शिवणीचा प्रकार, धागा, बटणं, लेबल कुठे लागणार, मापात किती मिलिमीटरचा फरक चालेल, सगळं त्यात येतं. ‘थोडा सैल’ असं तोंडी सांगून भागत नाही. माझा ‘थोडा’ आणि कारागिराचा ‘थोडा’ वेगळा असतो.

मग पॅटर्न, म्हणजे कागदावरचा काप. त्यावरून स्वस्त मांजरपाटावर पहिला नमुना शिवतात. तो खऱ्या माणसाच्या अंगावर घाला आणि त्याला बसायला, वाकायला, हात वर करायला सांगा. काखेत ओढतंय का? मागचा भाग वर चढतोय का? दुरुस्त्या करा, पुन्हा शिवा. माझ्या पहिल्या कुर्त्याचे पाच नमुने झाले. नंतर खऱ्या कापडात नमुना, मग ग्रेडिंग, म्हणजे एका मापावरून बाकीची मापं काढणं. मग प्रत्येक मापाचा एकेक नमुना, आणि शेवटी उत्पादनाआधीचा पक्का नमुना. त्यावर तुमची सही होते, आणि पुढे वाद झाला तर तोच पुरावा असतो.

कापडाची आटणी तपासल्याशिवाय कात्री लावू देऊ नका. कापडावर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. ४७.५ भरला तर कापड ५ टक्के आटतंय. म्हणजे ७० सेंटीमीटर लांबीचा शर्ट साडेतीन सेंटीमीटरने तोकडा होणार. मी पहिल्या खेपेला नमुन्याचं कापड तपासलं होतं. उत्पादनासाठी आलेला तागा मात्र दुसऱ्या लॉटचा होता आणि तो मी तपासला नाही. रंगात बारीकसा फरक पडला, आटणीत मोठा. कुर्ते विकले गेल्यावर मला ते कळलं. मी प्रत्येक ग्राहकाला मेल करून चूक कबूल केली आणि ज्यांना हवे त्यांना पैसे परत दिले. त्या खेपेत हाती काही उरलं नाही. तेव्हापासून प्रत्येक लॉटचा तुकडा माझ्या घरी धुतला जातो.

पहिल्यांदा किती नग करावेत?

तुम्हाला वाटतात त्याहून कमी, आणि प्रकार तर त्याहूनही कमी. साधं गणित करा. तीन डिझाइनं, दोन रंग, पाच मापं म्हणजे तीस वेगळे प्रकार झाले. ६० नग केले तर प्रत्येकाचे दोनच. मधली मापं पहिल्या दिवशी संपतात आणि कडेची वर्षभर पडून राहतात. एक डिझाइन, एक कापड, फार तर दोन रंग एवढ्यावर थांबा. शक्य असेल तर आधी नोंदणी घेऊन मग शिवा. चार आठवडे थांबावं लागेल असं आधी स्पष्ट सांगितलं तर लोक थांबतात. सांगितलेली तारीख चुकली की मात्र चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

किंमत ठरवताना कापड आणि शिलाई एवढंच धरण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. नमुन्यांचा खर्च, बटणं-लेबलं, पॅकिंग, पाठवणी, परत येणारे नग, खराब निघालेले नग, फोटो, कर आणि तुमचे स्वतःचे तास यात यायला हवेत. या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की घाऊक किंमत खर्चाच्या दुप्पट आणि किरकोळ किंमत घाऊकच्या दुप्पट. थेट ग्राहकाला विकत असाल तर थोडी मोकळीक मिळते, पण पुढे कधी दुसऱ्या दुकानात माल ठेवायचा असेल तर ती मोकळीक आधीच खर्चून बसू नका.

मापांच्या तक्रारी कशा टाळायच्या?

पूर्ण टळत नाहीत. कमी होतात. अंगाचं माप आणि कपड्याचं माप असे दोन वेगळे तक्ते द्या, कारण त्यातला फरक म्हणजे कपड्याचा सैलपणा, आणि तो कुणाला किती हवा हे ज्याचं त्याने ठरवावं. मॉडेलची उंची आणि तिने घातलेलं माप लिहा. एकच कपडा तीन वेगळ्या बांध्यांच्या माणसांवर दाखवा. परत येणाऱ्या प्रत्येक नगाबरोबर कारण विचारा आणि नोंद ठेवा. वीस नोंदी झाल्या की पॅटर्नमध्ये काय चुकतंय ते दिसायला लागतं.

ब्लॉगचं आणि ब्रँडचं नाव एकच असावं का?

सोपं पडतं, पण छापण्याआधी ट्रेडमार्क तपासा. बहुतेक देश त्यासाठी नीस वर्गीकरण, म्हणजे वस्तू आणि सेवांची आंतरराष्ट्रीय विभागणी, वापरतात आणि त्यात ४५ वर्ग आहेत. कपडे, पादत्राणं आणि टोप्या वर्ग २५ मध्ये, चामड्याच्या वस्तू आणि बॅगा १८ मध्ये, दागिने १४ मध्ये, जाहिरात आणि विक्रीसेवा ३५ मध्ये. ब्लॉग चालवताना ज्या नावाला कुणी हरकत घेतली नाही, त्याच नावाने कपडे विकायला लागल्यावर वर्ग २५ मधला आधीचा मालक हरकत घेऊ शकतो. स्वतःचं नाव ब्रँडला देणार असाल तर एक विचार करा. पुढे कधी व्यवसाय विकला तर ते नावही त्याच्याबरोबर जातं.

नोकरी कधी सोडावी?

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि निदान दोन वेगळ्या मार्गांनी सलग वर्षभर पैसे येत असतील तेव्हा. हे माझं मत आहे आणि ते सावध आहे याची मला कल्पना आहे. घरभाड्याची काळजी असताना नको त्या ब्रँडला नकार देता येत नाही, म्हणून ते सावध आहे. व्यवसायाचं बँक खातं मात्र पहिल्या कमाईपासून वेगळं ठेवा.

शरीरावरून घाणेरड्या कमेंट येतात. काय करू?

पुसून टाका, ब्लॉक करा. धमकी असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा. कपड्यावरची टीका मी नेहमी ठेवते, कितीही कडक असली तरी. माणसाच्या अंगावरची एकही ठेवत नाही. माझी किंवा दुसऱ्या वाचकाची, कुणाचीही असो. तुमच्या पानावर आपल्या अंगाबद्दल कुणी वाईट बोलणार नाही अशी खात्री असली, तरच बाई स्वतःची खरी मापं सांगून प्रश्न विचारते.

आणि थांबावंसं वाटलं तर?

तर थांबा, पण नीट थांबा. टॅवी गेव्हिन्सनने ‘स्टाइल रूकी’नंतर २०११ मध्ये किशोरवयीन मुलींसाठी ‘रूकी’ हे ऑनलाइन मासिक काढलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते बंद करताना तिने वाचकांसाठी मोठं पत्र लिहिलं, आणि आर्थिकदृष्ट्या ते चालवणं का शक्य नाही हे त्यात मोकळेपणाने सांगितलं. मी ते पत्र धंद्यात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकीला वाचायला सांगते.

थांबायचं ठरलं तर आधी घेतलेल्या ऑर्डर पूर्ण करा, कारागिरांचे पैसे चुकते करा. वाचकांचे ईमेल कुणालाही विकू नका. त्यांनी ते तुम्हाला दिले होते. डोमेनचं नूतनीकरण आणखी काही वर्षं चालू ठेवा म्हणजे जुने लेख वाचता येतील. दोन धुण्यांत शर्ट का आटला, हे शोधत कुणीतरी तिथे नक्की येईल.